वर्गणीवरचा शिधा

बांगलादेशातल्या कॉक्स बाझार जिल्ह्यातल्या रोहिंग्या छावण्यांमध्ये २०२३च्या फेब्रुवारीपर्यंत माणशी महिन्याला १२ डॉलरचा शिधा मिळत होता. १ मार्चपासून तो १० डॉलरवर आला. १ जूनपासून ८ डॉलरवर. ८ डॉलर म्हणजे दिवसाला साधारण २७ सेंट, तेव्हाच्या भावाने २२ रुपये. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, भाजी, सगळं त्यात बसवायचं.

त्या तीन-चार महिन्यांत छावणीत काय बदललं होतं? माणसं कमी झाली नव्हती. धान्य स्वस्त झालं नव्हतं. बाहेर जाऊन काम करायची परवानगी मिळाली नव्हती. बदललं होतं ते एवढंच, की जागतिक अन्न कार्यक्रमाकडे, म्हणजे डब्ल्यूएफपीकडे, देणग्या कमी आल्या होत्या. त्या वर्षाच्या अखेरीस छावण्यांमधल्या मुलांमधल्या तीव्र कुपोषणाचं प्रमाण १५.१ टक्क्यांवर गेलं. १५ टक्क्यांच्या पुढे गेलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार ती आणीबाणी असते.

पुढे गाडी जरा रुळावर आली. २०२४च्या जानेवारीत शिधा १० डॉलर झाला आणि वर्ष संपायच्या आत १२.५० डॉलरपर्यंत पोचला. मग २०२५ उजाडलं. मार्चच्या सुरुवातीला डब्ल्यूएफपीने कळवलं, की पैसे नाहीत, एप्रिलपासून ६ डॉलर. मार्चच्या मध्यावर संयुक्त राष्ट्रांचे महासचिव अंतोनियो गुटेरेस छावणीत येऊन गेले. महिना संपता संपता दुसरा निरोप आला: पैसे मिळाले, १२ डॉलर देऊ. म्हणजे जवळपास तीन आठवडे दहा लाखांहून जास्त माणसं पुढच्या महिन्यात आपलं जेवण निम्मं होणार, असं धरून चालली होती. आणि मग ते झालं नाही.

मी सॉफ्टवेअर लिहिते. आमच्याकडे एक साधा नियम असतो. जी गोष्ट बदलायची नाही ती पक्की बांधून ठेवायची, आणि जी परिस्थितीनुसार खालीवर करायची ती सेटिंगमध्ये ठेवायची. सेटिंगमधला आकडा बदलायला कुणाची फारशी परवानगी लागत नाही. हे १२, १०, ८, ६ आकडे वाचताना मला पहिला प्रश्न पडला तो हाच. माणसाच्या जेवणाचा आकडा सेटिंगमध्ये कुणी ठेवला? आणि का?

याचं उत्तर शोधायचं तर आधी हे ठरवावं लागतं, की छावणीत राहणाऱ्या निर्वासिताला मिळणारे पैसे म्हणजे नक्की काय. दान, की देणं?

वर्गणी आणि मेन्टेनन्स

आपल्याकडच्या कुठल्याही हाउसिंग सोसायटीत पैसे दोन प्रकारे गोळा होतात. एक गणपतीची वर्गणी. ती ज्याची त्याने आपल्या मनाने द्यायची. कोणी ५०१ देतं, कोणी ५१, कोणी दारच उघडत नाही. कमी जमली तर मांडव लहान होतो, ऑर्केस्ट्राऐवजी स्पीकर लागतो. दुसरा प्रकार मेन्टेनन्सचा. लिफ्ट, पाण्याचा पंप, वॉचमनचा पगार. तिथे मनाचा प्रश्न येत नाही. ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला भरायची. थकवली तर फ्लॅट नंबर नोटीस बोर्डावर लागतो. पाण्याचा पंप वर्गणीवर चालवायची कल्पना कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी मांडणार नाही. मांडली तर लोक हसतील.

संयुक्त राष्ट्रसंघात हे दोन्ही प्रकार आहेत. शांतिसेनेचा खर्च मेन्टेनन्ससारखा आहे. प्रत्येक सदस्य देशाचा हिस्सा ठरलेला असतो, श्रीमंत देशांचा जास्त, गरिबांचा कमी. दोन वर्षांच्या हिश्शाइतकी बाकी थकली, तर सनदेच्या १९व्या कलमानुसार त्या देशाचा आमसभेतला मताचा अधिकार जाऊ शकतो.

निर्वासितांच्या जेवणाचा खर्च मात्र वर्गणीवर आहे. डब्ल्यूएफपी पूर्णपणे ऐच्छिक देणग्यांवर चालते. निर्वासितांसाठीची संस्था, यूएनएचसीआर, १४ डिसेंबर १९५०ला स्थापन झाली ती फक्त तीन वर्षांसाठी. दुसऱ्या महायुद्धात उखडली गेलेली युरोपातली माणसं मार्गी लागली की काम संपलं, असा तेव्हाचा हिशोब. तिच्या घटनेतच लिहिलं आहे, की कार्यालय चालवायचा खर्च संयुक्त राष्ट्रांच्या बजेटमधून होईल आणि बाकी सगळा देणग्यांमधून. तीन वर्षांची मुदत पुन्हा पुन्हा वाढवत नेली आणि २००३मध्ये शेवटी काढूनच टाकली. पैशांची पद्धत तशीच राहिली. तात्पुरत्या संस्थेसाठी केलेली सोय कायमची झाली. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. घाईत टाकलेलं ठिगळ पुढे वीस वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालतं.

वर्गणीचे सगळे नियम मग आपोआप लागू होतात. दरवर्षी नव्याने पावती पुस्तक घेऊन फिरायचं. रोहिंग्यांसाठी २०२३मध्ये ८७.६ कोटी डॉलरचं आवाहन केलं गेलं, २०२५मध्ये ९३.४५ कोटींचं. मागितलेली रक्कम पूर्ण जमत नाही, हे मागणाऱ्यालाही माहीत असतं आणि देणाऱ्यालाही. शिवाय देणारा सांगतो, की माझे पैसे याच देशात, याच कामासाठी वापरा. मग एका छावणीत गोदाम भरलेलं आणि दुसरीकडे रिकामं, तरी इकडचं तिकडे करता येत नाही. २०१६मध्ये ‘ग्रँड बार्गेन’ नावाच्या करारात मोठ्या देणगीदारांनी कबूल केलं होतं, की निदान ३० टक्के पैसे आम्ही अशा अटींशिवाय किंवा सैल अटींवर देऊ. म्हणजे पैसे मोकळेपणाने वापरू देणं हीच मोठी सवलत मानली गेली.

यात गंमत अशी, की वाटपाची शेवटची पायरी अतिशय सफाईदार आहे. जॉर्डनमधल्या अझराक छावणीत सीरियन निर्वासित दुकानात डोळ्याची बुबुळं स्कॅन करून सामान घेऊ लागले, आणि २०१७पासून त्याचा हिशोब डब्ल्यूएफपीच्या ‘बिल्डिंग ब्लॉक्स’ या ब्लॉकचेन प्रणालीत राहू लागला. हीच प्रणाली नंतर कॉक्स बाझारलाही आली. इंजिनिअर म्हणून मला ते काम आवडतं. कुठल्या कुटुंबाने कधी किती किलो तांदूळ नेला, याची नोंद चुकत नाही. पण या सगळ्या यंत्रणेत वरून पैसे कधी येणार आणि किती येणार, हे मात्र दूरच्या कुठल्या तरी देशातल्या निवडणुकीवर, नाहीतर बातम्यांमध्ये सध्या कुठलं युद्ध चालू आहे यावर ठरतं. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेच्या नव्या सरकारने परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली. अमेरिका ही या छावण्यांची सगळ्यांत मोठी देणगीदार. एका सहीने इतकं होऊ शकतं, कारण ते सही करणाऱ्याचंच दान होतं. दान थांबवायचा हक्क देणाऱ्याला असतोच.

तळ्याकाठचा माणूस

या प्रश्नावरचा सगळ्यांत गाजलेला लेख आपल्याच उपखंडातल्या निर्वासितांवरून लिहिला गेला होता. १९७१च्या नोव्हेंबरमध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसं भारतात आलेली असताना पीटर सिंगर या तरुण ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने तो लिहिला. १९७२मध्ये तो छापून आला. त्यातला दाखला साधा आहे. तुम्ही तळ्याकाठून चालला आहात. उथळ पाण्यात एक लहान मूल बुडतंय. आत गेलात तर कपडे चिखलाने खराब होतील. तुम्ही जाल की नाही? अर्थात जाल. आणि ‘कपडे खराब झाले असते’ म्हणून न जाणाऱ्याला आपण वाईट माणूस म्हणू. मग सिंगर विचारतो, की मूल दहा पावलांवर असण्याऐवजी हजारो मैलांवर असलं तर काय बदलतं? त्याच्या मते काही नाही. ज्याला आपण दान म्हणून मिरवतो, ते खरं तर न करण्याची मुभाच नसलेलं कर्तव्य आहे. त्याने आकडेही दिले होते. ऑस्ट्रेलियाने बंगाली निर्वासितांसाठी दिलेली रक्कम सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या खर्चाच्या बाराव्या हिश्शाहूनही कमी होती.

हा लेख वाचून माणूस अस्वस्थ होतो, व्हायलाच हवा. पण कॉक्स बाझार डोळ्यांसमोर ठेवून वाचला की त्यात एक गोष्ट खटकते. तळ्यात पडणं हा अपघात असतो. मूल पाय घसरून पडलं, मी योगायोगाने तिथून चाललो होतो. आमचा आधीचा काही संबंध नाही. म्हणून वाचवणाऱ्याचा चांगुलपणा हाच त्या गोष्टीचा विषय होतो.

छावणी अपघाताने होत नाही. म्यानमारच्या १९८२च्या कायद्याने रोहिंग्यांना नागरिकत्वाबाहेर काढलं. २०१७च्या ऑगस्टनंतर लष्कराने गावं जाळली आणि काही महिन्यांत सात लाखांवर माणसं नाफ नदी ओलांडून बांगलादेशात आली. बांगलादेशाने त्यांना आत घेतलं. हे लहान काम नव्हतं आणि त्याचं श्रेय त्या देशाला द्यायला हवं. पण कायदेशीर काम करायची परवानगी दिली नाही. छावण्यांभोवती काटेरी तारा आल्या. सरकारी कागदांत त्यांना ‘निर्वासित’ म्हणतही नाहीत, ‘बळजबरीने विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक’ म्हणतात. म्हणजे एक देश म्हणतो हे आमचे नागरिक नाहीत, आणि दुसरा म्हणतो हे त्यांचेच नागरिक आहेत.

म्हणजे तळ्याला कुंपण आहे. मूल पोहू शकतं, पण त्याला काठावर येऊ द्यायचं नाही असं ठरलं आहे. अशा वेळी काठावरून टाकलेल्या ट्यूबला दान म्हणता येईल का?

हॅना आरेंट स्वतः १९३३मध्ये जर्मनीतून पळालेली. १९४०मध्ये फ्रान्समधल्या गुर्स छावणीत तिला डांबलं होतं आणि १९५१पर्यंत ती कुठल्याच देशाची नागरिक नव्हती. तिने हे आतून पाहिलं होतं. तिचं निरीक्षण असं, की माणसाचे म्हणून जे हक्क आपण सांगतो, ते प्रत्यक्षात कुठल्या तरी राज्याचा सदस्य असल्यावरच मिळतात. ज्याला कुठलंच राज्य आपलं म्हणत नाही, त्याच्याकडे निव्वळ माणूसपण उरतं, आणि ते कुणालाच पुरेसं वाटत नाही. छावणीतल्या माणसाला एखादा तुरुंगाधिकारीही हेवा वाटावा अशा स्थितीत असतो. कैद्याचं जेवण निदान सरकारी बजेटमध्ये असतं. तुरुंगासाठी वर्गणी जमली नाही म्हणून कैद्यांचा भात निम्मा केला, असं झालं तर कोर्ट जाब विचारेल.

मला इथे एक साधं तत्त्व दिसतं. ज्याने एखाद्याला स्वतःचं पोट भरण्यापासून अडवलं, त्याच्यावर त्याचं पोट भरायची जबाबदारी येते. तुरुंगाला ते लागू आहे. कंपनीने राजीनाम्यानंतर अमुक महिने दुसरीकडे काम करायचं नाही असं बजावलं, तर ‘मग त्या महिन्यांचा पगार द्या’ असं आपणच म्हणतो. छावणीलाही तेच लागू व्हायला हवं.

कुणाचं देणं?

मग अडवलं कुणी? पहिलं नाव म्यानमारचं. दुसरं बांगलादेशाचं घ्यावं असं वाटतं, पण जरा थांबू. बांगलादेशाने जमीन दिली, जंगल दिलं, स्थानिक मजुरांची मजुरी उतरली ती सोसली. स्वतः गरीब असलेल्या देशातल्या एका जिल्ह्यावर दहा लाख माणसांचा भार आला. त्याने कुंपण घातलं, कारण त्याला भीती आहे की कुंपण काढलं तर ही माणसं कायमची आपली होतील आणि जग हात झटकेल. भीती निराधार नाही.

तिसरं नाव बाकी सगळ्यांचं. ही माणसं छावणीत आहेत, कारण दुसऱ्या कुठल्या देशाने दार उघडलं नाही. समुद्रातून मलेशिया-इंडोनेशियाकडे निघालेल्या होड्या परत लोटल्या गेल्या. श्रीमंत देशांनी मोजकी कुटुंबं नेली. भारताने बांगलादेशासारखाच १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. २०१७मध्ये सरकारने देशात सुमारे ४० हजार रोहिंग्या असल्याचं सांगितलं, ते त्यांना परत पाठवण्याच्या संदर्भात. आपली दारं बंद ठेवायचा प्रत्येक देशाला हक्क आहे, असं मानलं तरी त्या हक्काची किंमत कोणीतरी मोजतंच आहे. आज ती छावणीतलं मूल मोजतं, त्याखालोखाल कॉक्स बाझारचा मजूर. बाकीच्यांना हे सगळं दूर एका जिल्ह्यात ठेवता येतं, हा त्यांचा फायदा. शिध्याचे पैसे म्हणजे या फायद्याचं भाडं समजा. भाडं देणाऱ्याचे कुणी आभार मानत नाही आणि भाडं देणारा आभाराची वाट बघत नाही.

पगाराच्या स्लिपवरचे २०० रुपये

हे ऐकायला ठीक आहे, पण देणं कोणी वसूल करतं का? दानाचं कर्तव्य आणि कर्तव्याचा कर असं कधी झालंय का? झालंय, आणि महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्यांच्या तर ते दर महिन्याला नजरेखालून जातं.

सॅलरी स्लिपवर पीएफच्या आसपास ‘पीटी’ अशी एक ओळ असते. व्यवसाय कर. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाला अडीच हजार. हा कर १९७५मध्ये आला, रोजगार हमी योजनेसाठी. वि. स. पागे यांनी मांडलेली ती कल्पना १९७२च्या दुष्काळात राज्यभर राबवली गेली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. दुष्काळी गावातल्या माणसाने काम मागितलं तर ते द्यायलाच हवं, आणि त्याचा खर्च शहरातल्या पगारदारांनी व व्यापाऱ्यांनी उचलायचा. कुणाला दुष्काळग्रस्तांचे फोटो दाखवून पाझर फोडावा लागला नाही. खडी फोडणाऱ्या बाईला मुंबईतल्या क्लार्कपुढे हात जोडावे लागले नाहीत. बहुतेकांना आज हा कर कशासाठी सुरू झाला तेही माहीत नसतं, आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही. मदत करणाऱ्याच्या लक्षात न राहता मदत होत राहणं ही चांगल्या व्यवस्थेची खूण आहे.

तुम्ही म्हणाल, ते आपलेच लोक होते. मग १९७१ बघा. सिंगर लेख लिहीत होता त्याच महिन्यात, १५ नोव्हेंबर १९७१पासून, भारत सरकारने पत्रांवर ५ पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं केलं. त्यावर ‘रेफ्युजी रिलीफ’ असं छापलेलं असे. रेल्वेच्या आणि विमानाच्या तिकिटांवरही कर बसला. आजीच्या ट्रंकेत त्या काळातली पाकिटं असली तर त्यांवर ते छोटं तिकीट दिसेल. १९७३च्या मार्चअखेरपर्यंत हे चाललं. तेव्हाचा भारत आजच्यापेक्षा खूप गरीब होता. निर्वासित दुसऱ्या देशाचे होते. तरी बार्शीहून सोलापूरला खुशालीचं पत्र पाठवणाऱ्याने ५ पैसे भरले. त्याला बंगाली माणसाबद्दल कळवळा होता की नाही, हा प्रश्नच आला नाही.

दान आणि कर यांतला मला महत्त्वाचा वाटणारा फरक हा आहे. दान मिळवायचं तर दयनीय दिसावं लागतं. रडणारं मूल, मोठे डोळे, चिखल. आणि दया ही नवीन चेहऱ्याकडे वळते. २०२२मध्ये युक्रेनमधून माणसं बाहेर पडली तेव्हा जगाने त्यांच्यासाठी भराभर पैसे काढले, आणि ते योग्यच होतं. पण कॉक्स बाझारच्या मुलाची भूक काही त्या वर्षी कमी झाली नव्हती. फक्त ती जुनी झाली होती. देणं जुनं झालं म्हणून कमी होत नाही.

काही हरकती

पहिली हरकत नेहमीची. आपले गरीब आधी. ही हरकत मी हलकी मानत नाही. पण आपल्या गरिबांसाठी आपण काय केलं ते बघा. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो धान्य हा हक्क झाला. त्याआधीही रेशन होतंच, पण ती योजना होती. योजना सरकारच्या मर्जीवर असते. हक्क नाकारला तर तक्रार करता येते. म्हणजे भुकेला वर्गणीवर सोडायचं नाही, हे आपण स्वतःपुरतं मान्य केलं आहे. मी तेच तत्त्व कुंपणापलीकडे न्यायचं म्हणते आहे. आणि जगभरच्या देशांत वाटून घेतलं तर प्रत्येकाचा हिस्सा फार मोठा येत नाही. शांतिसेनेत भारताचाही हिस्सा असतोच, आणि तो आपल्या ऐपतीच्या मानाने लहान ठेवलेला आहे.

दुसरी हरकत जास्त अवघड आहे. १९७१चे निर्वासित युद्ध संपल्यावर काही महिन्यांत परत गेले, म्हणून ते ५ पैसे बंद करता आले. रोहिंग्या आठ वर्षांहून जास्त काळ तिथे आहेत. हा कर किती वर्षं भरायचा? कायमचं पोसत राहिलं तर माणसं परावलंबी होणार नाहीत का?

परावलंबी त्यांना कोण करतंय, हे वर आलंच आहे. पण हरकतीत तथ्य आहे. उल्हासनगरचं उदाहरण घ्या. फाळणीनंतर कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी बराकींमध्ये जवळपास एक लाख सिंधी निर्वासित येऊन राहिले. आजही तिथले लोक पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर पाच’ म्हणतात. पण छावणीचं शहर झालं. फर्निचर, कपडे, जीन्स, काय नाही बनत तिथे. शिधा फार मिळाला म्हणून हे झालं नाही. ती माणसं नागरिक होती, दुकान काढू शकत होती, लोकल पकडून मुंबईत जाऊ शकत होती, मत देऊ शकत होती. म्हणून त्यांच्यावरचा खर्च एक दिवस संपला.

म्हणजे मदत संपवायचा रस्ता शिधा कमी करणं हा नसून कुंपण काढणं हा आहे. तेवढ्याने सगळं सुटतं असंही नाही. युगांडाने २००६च्या कायद्याने निर्वासितांना काम करायची, फिरायची मुभा दिली, अनेकांना कसायला जमीनही दिली. तरी नव्याने आलेल्यांना, म्हाताऱ्यांना, एकट्या बायांना मदत लागतेच, आणि तिथलाही शिधा देणग्यांअभावी कापला गेला आहे. पण देण्याच्या भाषेत बोललं की निदान वाटाघाट करता येते. बांगलादेशाला म्हणता येतं, की पुढच्या दहा वर्षांचे पैसे बांधील आहेत, तुम्ही कामाचे परवाने द्या. आज असं म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही, कारण पुढच्या वर्षीचे पैसेच माहीत नाहीत. वर्गणीवर चालणारी व्यवस्था कुणालाच लांबचं वचन देऊ शकत नाही, आणि लांबचं वचन मिळाल्याशिवाय कुठलाही यजमान देश कुंपण काढत नाही.

तिसरी हरकत मित्रांमध्ये बोलताना हमखास येते. जागतिक सरकार नाही, मग कर लावणार कोण आणि वसूल करणार कोण? शांतिसेनेचा ठरलेला हिस्सा तरी देश वेळेवर कुठे भरतात? अमेरिकेचीच मोठी बाकी आहे.

खरं आहे. पण ‘बाकी आहे’ असं आपण म्हणू शकतो, हे लक्षात घ्या. शांतिसेनेच्या हिशोबात प्रत्येक देशाच्या नावापुढे थकलेली रक्कम लिहिलेली असते. कुणी किती बुडवलं ते सांगता येतं. कॉक्स बाझारचा शिधा ८ डॉलरवर आला तेव्हा मात्र बातम्यांत शब्द होता ‘निधीची कमतरता’. जणू पाऊस कमी पडला. त्या कमतरतेला कर्ता नाही. ठरलेला हिस्सा असता, तर त्याच बातमीत अमुक देशाने इतके थकवले, तमुक देशाने इतके, असं लिहावं लागलं असतं. त्यातले सगळे पैसे वसूल झाले नसते. पण मुलाच्या ताटातला भात कोणामुळे कमी झाला, हे त्या मुलाला आणि आपल्याला कळलं असतं.

तोपर्यंत

आमसभेत हा बदल उद्या होणार नाही. तोपर्यंत पैसे देऊ नयेत का? द्यावेत, आणि देण्यासारखे द्यावेत. म्हणजे फोटो बघून एकदाच ५ हजार पाठवण्यापेक्षा, निर्वासितांमध्ये काम करणारी एखादी विश्वासाची संस्था निवडून दरमहा ३०० रुपयांचं ऑटोपे लावावं. कशावर खर्च करायचे ते त्यांच्यावर सोडावं. कुणाच्या हातात पिशवी देतानाचा फोटो मागू नये. आपण जितकं कमी लक्ष देऊ तितकी ती रक्कम जास्त भरवशाची होते. एसआयपी आपण तशीच चालू ठेवतो, बाजार खाली गेला म्हणून बंद करत नाही.

आणि बोलताना शब्द बदलावेत. आपण ‘मदत कमी पडली’ म्हणतो तिथे ‘देणं थकलं’ म्हणून बघा. वाक्य ऐकणारा लगेच विचारतो, ‘कुणाचं?’ मग नावं घ्यावी लागतात. म्यानमारच्या लष्कराचं घ्यावं लागतं, दार बंद ठेवणाऱ्या श्रीमंत देशांचं घ्यावं लागतं, आणि त्या यादीत खाली कुठेतरी आपल्या देशाचंही घ्यावं लागतं. ही यादी कुठल्याही नोटीस बोर्डावर आज लागलेली नाही. ती लावायची सुरुवात कोणाकडून तरी व्हायला हवी.